अर्थ लागत नाही

बस्त्यावची पावाची ओमनी
दुपारी तीनला गॅरेजपुढे लागली.
काचेला मैद्याचा हात. डॅशबोर्डात नवा टेप,
निळ्या दिव्यांचा, परवाच मी बसवलेला.
"ब्लूटूथ वाजता, पेनड्राइव्ह वाजता," तो म्हणाला,
"रेडियो तेवढो तळता."

खरंच, आत कोणी बांगडे सोडलेत तसा आवाज.
मधेच पणजीची बाई एक शब्द बोलायची
आणि परत तेल.

आधी मी डोंगराला दोष दिला.
मग माडांना, मग हवेला.
वेंगुर्ल्यात हे चालतं. इथे
लाइट जाते ती हवेने, जाळं रिकामं येतं ते हवेने,
जावई रुसतो तोही हवेनेच.
बस्त्याव काही बोलला नाही.
रिकामा क्रेट उपडा करून त्यावर बसला.

मग टेप बाहेर ओढला.
अँटेनाची पिन पूर्ण बसलेली.
निळी वायर? या गाडीला तिचं काम नाही.
हातभर तांब्याची तार सोलली, सॉकेटात खुपसली,
वर धरली,
आणि बातम्या आल्या. मच्छीमारांना सूचना,
वाऱ्याचा वेग, सगळं, माझ्या चिमटीतून.
म्हणजे टेप चांगला.
म्हणजे दोष वाटेत.

मल्टिमीटर लावला. कांडीचं टोक ते पिन: बीप.
पिनेची कडा ते गाडीचं अंग: काही नाही.
पुन्हा. काही नाही.
"काय म्हणता ता?"
"अर्थ लागत नाही," मी म्हटलं.
"माकाव लागणा नाय," बस्त्याव म्हणाला, "बरीच वर्सा."

खांबावरचा स्क्रू काढला, अँटेनाचं बूड उचललं.
खारा वारा पोचला असेल, हिरवा चुरा असेल,
असं मला वाटलं. खरं तर हवं होतं.
खाली होता रंग.
पांढरा, दोन हात, वर लॅकर,
एक बुडबुडा नाही.
दिवाळीआधी नारळ पडून चेपलेला हा खांब
मीच ठोकून सरळ केला, मीच रंगवला,
लांब जाऊन दोनदा बघितला
आणि अँटेना रंगावरच आवळली.
लोखंडाला लोखंड भेटलंच नाही.

दिवाळीनंतर तो आला होता: टेप खरखरता रे.
मी कान लावला होता, डॉक्टरासारखा.
टेप संपला, म्हटलं होतं,
साडेचार हजारांत नवा देतो.

तो संपलेला टेप फळीवर होता, होल्डरांच्या डब्यामागे.
बारा व्होल्ट दिले. तीच तार.
पहिल्या झटक्यात रत्नागिरी.

बस्त्यावने ते ऐकलं.
मी पॉलिशपेपर घेतला. वॉशरएवढं वर्तुळ
घासत राहिलो, लोखंड चकाकेपर्यंत,
आणि त्यानंतरही, कारण मान वर करायची नव्हती.
व्हॅसलिन लावलं. आवळलं. बीप.
इंजिन चालू केल्यावर एक बारीक शिट्टी उरली,
ती मोबाइलच्या चार्जरची. तो उपटला.

पैशांचं बोलायला मी तोंड उघडलं.
"नवो ऱ्हवांदे," तो म्हणाला, "निळे दिवे चेडवाक आवडतत.
जुनो दी, भट्टीकडे लावतंय.
आणि दोन हजार परत दी. रोख.
पावात वळते करू नको,
पाव तुका मी असोव देतंय."

दिले.

आता पहाटे अंथरुणातूनच कळतं.
त्याच्या भोंग्याच्या आधी येतो
वाऱ्याचा वेग, लाटांची उंची.
उभादांड्याच्या वळणावर मात्र
अजून दोन सेकंद तेल तापतं.
ते मी शेजारी बसून जाऊन तपासलंय.
ते डोंगराचंच आहे.